तिसरेसाहेबांचा उतार

रस्ते विभागात नव्याने लागलेल्या मुलांना वाटायचं की ‘तिसरे’ हे साहेबांचं आडनावच आहे. एकाने आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर ‘श्री. तिसरे आणि परिवार’ असं लिहून ती त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी ती घेतली, लग्नाला गेले, पोटभर जेवले आणि दिलेल्या भेटीवर त्याच नावाची चिठ्ठी लावून आले. कशाला त्या मुलाला ऐन लग्नात ओशाळवाणं करायचं, असा त्यांचा विचार.

नावाचं कारण साधं होतं. विभागाचा नियम असा की रस्ता असो, पूल असो की महामार्गावरून खाली उतरणारा रॅम्प असो, समितीपुढे निदान तीन पर्याय ठेवायलाच हवेत. त्याहून कमी असले तर आपण काही निवडलं असं समितीला वाटत नाही, आणि तसं वाटलं नाही की ती फाइल परत पाठवते. म्हणून पहिला पर्याय असायचा स्वस्तातला, ज्याने कुणाचं बरंही होणार नाही आणि वाईटही. दुसरा मोठ्या साहेबांच्या मनातला. आणि तिसरा पडण्यासाठी. हा पडणारा पर्याय काढायचं काम गेली कित्येक वर्षं आपल्या साहेबांकडे होतं.

हे काम सोपं नाही, बरं का. पर्याय इतका वाईट नको की सभेत हशा पिकेल, आणि इतका चांगला नको की कुणी त्याच्याकडे वळून बघेल. तिसरेसाहेबांचा त्यात हात बसला होता. एकदा त्यांनी रस्ता शाळेच्या मैदानातून नेला, एकदा पाण्याच्या टाकीखालून, एकदा तर तुरुंगाच्या मागच्या दारावरून. समितीने ते सगळं गंभीरपणे पाहिलं आणि तितक्याच गंभीरपणे नाकारलं. इतकी वर्षं नोकरी करून त्यांनी काढलेला एकही रस्ता जमिनीवर कुठे सापडला नसता. याचं त्यांना वाईट वाटायचं का? वाटायचं. पण ते बोलून दाखवायचे फक्त ताईपाशी.

ताई त्यांची थोरली बहीण, वयाने बरीच मोठी. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा साहेब शाळेत होते आणि ताई नुकतीच शिवण शिकली होती. तिने पुढच्या खोलीत मशीन मांडलं आणि अर्ध्या उपनगराच्या पोरांचे गणवेश शिवून भावाला इंजिनिअर केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने ‘आधी याचं मार्गी लागू दे’ म्हणून बाजूला ठेवला, तो बाजूलाच राहिला. भाऊ मार्गी लागला, बायको आली, त्याने दुसरीकडे घर केलं. ताई मात्र गल्लीच्या वळणावरच्या त्याच घरात. पुढे शिवणाची खोली, मधे झोपायची, मागे स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराशी एक पायरी, जिच्यावर नव्या-जुन्या प्रत्येकाला ठेच लागायची. साहेबांचं ताईवर किती प्रेम होतं हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला जाऊन जेवून यायचे, त्यात आलं सगळं, अशी त्यांची समजूत.

आता उपनगराचं म्हणाल तर ते उतू जात होतं. पूर्वी महामार्ग उपनगराच्या अंगाला न लागता बाजूने जायचा. मग इमारती आल्या, इमारतींमागे इमारती आल्या, आणि प्रत्येक घरातून सकाळी एक गाडी बाहेर पडू लागली. या सगळ्यांना महामार्गावर चढायला आणि उतरायला एकच तोंड होतं. लोक त्याला नरसाळं म्हणायचे. नरसाळ्यात अडकलेले लोक गाडीतच दाढी करायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचे, भांडणं सुरू करून मिटवायचे. शेवटी तक्रारींचा इतका ढीग झाला की विभागाला चढायला-उतरायला नवीन रॅम्पचं काम हाती घ्यावंच लागलं.

पहिला पर्याय ठरला नरसाळ्यावर आणखी एक सिग्नल बसवायचा. दुसरा मोठ्या साहेबांचा. पूर्वेच्या मोकळ्या माळावरून ऐसपैस वळसा घेऊन उतरणारा रॅम्प. चित्रात तो फार सुंदर दिसायचा. मोठ्या साहेबांनी तो घरी नेऊन बायकोलाही दाखवला होता म्हणे.

मोजणीची सगळी माणसं त्या माळावर गुंतलेली. तिसऱ्या पर्यायासाठी कुणी मोकळं नव्हतं. "तुमचं काय, कुठूनही काढा," मोठे साहेब म्हणाले. तेव्हा तिसरेसाहेबांनी विचार केला, ज्या जागेची मोजणी करावी लागणार नाही अशी एकच जागा आपल्याला ठाऊक आहे. आणि त्यांनी रॅम्प ताईच्या गल्लीतून उतरवला.

त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. तुरुंगावरून रस्ता नेला म्हणून काही कैदी पळाले नव्हते. पडणारा पर्याय कुणाच्या घरावरून जातो याला काय महत्त्व? उलट पुष्कळ दिवसांनी कामात त्यांचं मन लागलं. गल्ली कुठे कलते, गटार कुठून वळतं, वळणावर समोरचं कुठून दिसायला लागतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. शाळेतून पळत येताना पाय कुठे घसरायचा तेही आठवत होतं. कलत्या जमिनीचा फायदा घेऊन त्यांनी उतार असा साधला की ट्रकला ब्रेकवर पाय दाबून ठेवावा लागू नये आणि मागच्याला पुढचा लांबूनच दिसावा. ताईचं घर, मशीनची खोली, ती पायरी, सगळं पुसून टाकायच्या रेघेत आलं. ड्रॉइंग पूर्ण झाल्यावर ते थोडा वेळ मागे रेलून त्याच्याकडे बघत बसले. फार छान झालं होतं. इथेच घोटाळा झाला.

पुढच्या महिन्यात माळाखालून साऱ्या उपनगराची पाण्याची मुख्य वाहिनी जाते असं निघालं. पाणीखात्याला हे माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या साहेबांचा वळसा एका दुपारीत आडवा झाला. तो यादीत नावापुरता राहिला, खरे उरले दोन. नियमाप्रमाणे दोन्ही कॉम्प्युटरवर चालवून बघायचे. पडद्यावर गाड्यांचे ठिपके सुटले. सिग्नलच्या पर्यायात ते नरसाळ्याशी येऊन पूर्वीसारखेच थिजले, फक्त आता रंगीत दिव्याखाली. तिसऱ्या पर्यायात ठिपके असे वाहून गेले की मागे उभा असलेला शिपाईसुद्धा "वा!" म्हणाला.

"अहो तिसरे, तुम्ही तर बाजी मारलीत!" मोठे साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद कमी आणि कुचकेपणा जास्त होता, पण पाठ त्यांनी थोपटली. सगळ्या खात्याने पाठ थोपटली. साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मार्ग एक होता. पर्यायांना गुण द्यायचा तक्ता त्यांच्याच हातात होता. वेळेची बचत, सुरक्षितता, उतार, खर्च, पडणारी घरं, असे रकाने. सगळे घरी गेल्यावर संध्याकाळी त्यांनी तो उघडला. ‘उतार’ या रकान्यात तिसऱ्या पर्यायाला भरघोस गुण होते. त्यांनी ते निम्मे केले. तेवढ्याने तिसरा पर्याय पहिल्याच्या खाली गेला. झालं. नवीन सिग्नल बसेल, नरसाळं नरसाळंच राहील, आणि ताई आपल्या घरात.

सकाळीच नरसाळ्यात त्यांच्या शेजारी एक अ‍ॅम्ब्युलन्स अडकली होती. तिच्या ड्रायव्हरने सायरन वाजवून वाजवून शेवटी बंद केला आणि तो खाली उतरून कपाळाला हात लावून उभा राहिला. आत कोण होतं ते कळलं नाही. हे साहेबांना तक्त्यासमोर आठवलं, नाही असं नाही. पण गुण त्यांनी परत पूर्ववत केले ते काही फार थोर कारणाने केले असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना तो निम्मा आकडा बघवेना. उतार चांगला होता. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला उतार होता, आणि तो वाईट आहे असं स्वतःच्या हाताने लिहिणं त्यांना जमलं नाही.

मग ताईला सांगणं आलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा ती खाली पसरलेलं कापड कापत होती आणि तोंडात टाचण्या धरल्या होत्या. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला घर पडणार हे सांगू नये, असं साहेबांना वाटलं. कारण तसं बरं होतं. ते जेवून परत आले.

दुसऱ्या खेपेला शेजारची काकू येऊन बसली होती. काकूला कळलं की ते सगळ्या गल्लीला कळलंच म्हणून समजा. साहेब मूग गिळून बसले, जेवले आणि परत आले.

तिसऱ्या खेपेला ताईने दारातच त्यांचा हात धरून मागे नेलं. स्वयंपाकघरात फरशीचे नमुने मांडून ठेवले होते.

"बरं झालं आलास. जुनी फरशी फार उखडलीय रे. मी पैसे बाजूला टाकत होतेच. यातली कुठली घेऊ सांग."

साहेब नमुन्यांकडे बघत राहिले.

"बोल की. इंजिनिअर ना तू?"

"पांढरी नको," साहेब म्हणाले. "मळेल."

"मग ही करडी?"

"करडी चांगली."

घरी आल्यावर बायकोने त्यांचा चेहरा पाहून विचारलं, "सांगितलंत?"

"सांगणार होतो."

"मग?"

"फरशीचा रंग ठरवला."

बायको उठून आत निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईने करडी फरशी बसवून घेतली. ती बसवली जात होती त्याच आठवड्यात जाहीर सुनावणीची नोटीस निघाली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. समोर समितीच्या अध्यक्षबाई, बाजूला मोठे साहेब, भिंतीवर भलामोठा नकाशा, आणि नकाशाशेजारी हातात काठी घेऊन तिसरेसाहेब. पर्याय ज्याने काढला त्यानेच समजावून सांगायचा, असाही नियम होता. आजवर त्या नियमाचा त्यांना त्रास झाला नव्हता. त्यांच्या पर्यायावर कुणी प्रश्नच विचारायचं नाही.

गल्लीतली माणसं घोळक्याने आली. काकू पुढे, तिच्यामागे ताई. भाऊ तिथे असणार हे ताईला ठाऊक होतं. त्याचं खातंच ते. तो नकाशा कुणाचा हे ठाऊक नव्हतं. ती नकाशाजवळ गेली, चष्मा वर करून तिने आपली गल्ली शोधली, मग आपलं घर. तिथे ती बराच वेळ थांबली. मागच्या दाराची ती पायरी सरकारी कागदांवर कुठेच नव्हती. ती घरात आल्या-गेल्याशिवाय कुणाला कळायचीही नाही. भिंतीवरच्या या नकाशावर ती होती.

ताई जागेवर जाऊन बसली.

साहेबांनी पर्याय समजावून सांगितला. मग लोक उठले. एकजण ओरडला, दुसऱ्याने कोर्टात जाईन म्हटलं, काकूने मोठ्या साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. नरसाळ्यात रोज अडकणाऱ्या इमारतींतली माणसंही आली होती. ती उलट ओरडली. अध्यक्षबाईंनी टेबल वाजवून वाजवून हात लाल करून घेतला. मग ताई उठली आणि सगळे गप्प झाले. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तिने शिवलेले कपडे घातले होते.

"साहेबांना विचारायचंय," ती म्हणाली.

"विचार ना, ताई," साहेब म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. मोठ्या साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"या सगळ्यांत हाच चांगला आहे का? खरं सांग."

"हाच चांगला आहे."

"म्हणजे गर्दी कमी होईल?"

"होईल."

"तू काढलास?"

"हो."

ताईने मान हलवली. प्रश्न संपला असं वाटून अध्यक्षबाईंनी पुढच्या माणसाचं नाव घेतलं. पण ताई उभीच होती.

"तुला कधी कळलं?"

साहेबांनी काठी खाली ठेवली.

"फरशीच्या आधी," ते म्हणाले.

"आधी," ताई म्हणाली आणि बसली. तिने हरकत नोंदवली नाही. सही मागितली तिथे सही केली आणि भावाकडे न बघता निघून गेली. साहेबांच्या आयुष्यात पुष्कळ वाईट दिवस होऊन गेले होते, आईवडील गेले तेसुद्धा, पण त्या दिवसांत ताई बाजूला उभी असायची. या दिवशी नव्हती.

पर्याय मंजूर झाला. ताईने मोबदला घेतला आणि पलीकडच्या एका इमारतीत दोन खोल्या बघितल्या. "आमच्याकडे या," असं सांगायला साहेबांची बायको दोनदा गेली. ताईने तिला प्रेमाने जेवायला घातलं आणि नाही म्हणून सांगितलं. साहेब गेले तेव्हा दार उघडलं, पाणी दिलं, आणि ती मशीनवर बसून शिवत राहिली. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, हे दोघांनाही सोयीचं होतं. साहेबांनी पुढच्या वेळी माफी मागितली. ताई म्हणाली, "घराचं काय घेऊन बसलास?" आणि पुन्हा मशीन सुरू केलं. त्यानंतर साहेब जायचे थांबले. म्हणजे जायचे, पण ताईच्या नव्या इमारतीच्या फाटकापर्यंत.

रॅम्प झाला. फीत कापायला मोठी माणसं आली, भाषणं झाली, आणि सगळ्या भाषणांत दूरदृष्टी मोठ्या साहेबांची होती. तिसरेसाहेबांना बढती मिळून दुसरा पर्याय काढायचं काम मिळालं. नाव मात्र तिसरेच राहिलं. नरसाळं महिन्याभरात मोकळं झालं. लोकांना सकाळी इतका वेळ उरू लागला की त्याचं काय करावं कळेना. साहेब त्या रॅम्पवरून कधी जायचे नाहीत. लांबून, जुन्या रस्त्याने जायचे. आयुष्यात बांधला गेलेला एकच रस्ता, आणि बायकोने विचारलं तर म्हणायचे, "तिकडून वळसा पडतो." ते साफ खोटं होतं.

मग एके दिवशी सकाळी ताईचा फोन आला. तिचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखाना महामार्गाच्या पलीकडे.

"गाडी घेऊन येशील?"

साहेब ऑफिसात न कळवताच निघाले. ताई फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती. पुढे बसली. वाकून पट्टा लावायला गेली तो लागेना, तेव्हा साहेबांनी लावून दिला. कितीतरी दिवसांनी ते तिच्या इतक्या जवळ आले होते. तिचे केस फार पांढरे झाले होते.

ते सवयीने जुन्या रस्त्याकडे वळू लागले.

"तिकडून कुठे? तुझ्या रस्त्याने ने," ताई म्हणाली.

त्यांनी गाडी रॅम्पकडे घेतली. सकाळची वेळ. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्या एकसारख्या वेगाने चाललेल्या. ताई काचेला नाक लावून बाहेर बघत होती. बाहेर कठडा होता आणि कठड्यापलीकडे इमारतींच्या गच्च्या.

"हळू घे जरा," ती म्हणाली. "इथे स्वयंपाकघर होतं ना?"

"नाही, ताई. इथे शिवणाची खोली. स्वयंपाकघर पुढे, त्या दिव्याच्या खांबापाशी."

"मग तिथे थांब."

"ताई, रॅम्पवर थांबता येत नाही."

"तूच काढलास ना?"

"हो."

"मग थांब."

साहेब खांबापाशी थांबले. मागच्या गाडीने करकचून ब्रेक मारला, तिच्या मागच्याने मारला, आणि हॉर्न सुरू झाले. ही रांग किती झटपट कुठवर पोचेल याचं गणित त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते केलं नाही. ताईने काच खाली घेतली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे बघत राहिली.

"इथल्या खिडकीतून मी तुझी वाट बघायचे," ती म्हणाली. "तू शाळेतून यायचास ना, वळणावर दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एवढंसं पोर, आणि मला आईसारखं काही येत नव्हतं."

साहेबांना रडू फुटलं. हॉर्नच्या गदारोळात ते फारसं ऐकू गेलं नाही, पण ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"चल आता," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

साहेबांनी डोळे पुसले, गिअरवर हात ठेवला, पण गाडी त्यांनी लगेच पुढे घेतली नाही.